चिनी गुंतवणुकीची जोखीम जोखताना या चुका टाळा

जनरल मोटर्सने भारतातून काढता पाय घेतला तेव्हा तिचे इथे दोन कारखाने होते. एक गुजरातेत हालोलला, दुसरा आपल्याकडे तळेगावला. दोन्हींना गिऱ्हाईक चिनीच मिळालं. हालोलचा कारखाना २०१७ मध्ये सैकने घेतला आणि तिथून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सैक ही शांघायच्या सरकारी मालकीची कंपनी. तळेगावसाठी जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल मोटर्स पुढे आली, ती खासगी. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारशी तिचा ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला आणि त्याच रात्री गलवान घडलं. आठवडाभरात करार ‘जैसे थे’ ठेवला गेला, दोन वर्षं लटकत राहिला आणि ३० जून २०२२ ला व्यवहाराची मुदतच संपली. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

विकणारा एक, धंदा तोच, देश तोच. तरी सरकारी चिनी कंपनी आत आली आणि खासगी चिनी कंपनी दारातून परत गेली. जोखमीचा कुठलाही निकष लावून हा निकाल निघत नाही. तो तारखेमुळे निघाला. दोन्ही वेळा जोखीम मोजलीच गेली नव्हती.

अशी न झालेली किंवा अर्धवट झालेली मोजमापं जगभर सापडतात. अहवाल लिहिणारे, बातमीदार, विद्यापीठांतले समन्वयक, चिनी भागीदाराचा प्रस्ताव समोर आलेले चाकणचे उद्योजक, सगळ्यांच्या हातून त्याच त्या चुका होतात. बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: झेंडा पाहिला जातो, नाड्या कोणाच्या हाती जातात ते पाहिलं जात नाही. नाड्या पाहायच्या तर तीन प्रश्न पुरतात. उद्या संबंध बिघडले तर समोरचा नेमकं काय थांबवू शकतो? किती दिवसांत? आणि आपल्याला पर्याय उभा करायला किती काळ लागेल? पुढच्या प्रत्येक चुकीत यांपैकी एखादा प्रश्न विचारायचा राहून गेलेला दिसेल.

घोषणेचा आकडा खरा धरणे

सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले तेव्हा पाच वर्षांत २० अब्ज डॉलरची गुंतवणूक येणार असं जाहीर झालं. महाराष्ट्रात वाहन उद्योगासाठी आणि गुजरातेत वीज उपकरणांसाठी औद्योगिक वसाहती उभ्या राहणार होत्या. सरकारी नोंदींत एप्रिल २००० पासून चीनमधून थेट आलेलं समभाग भांडवल अडीच अब्ज डॉलरच्या आसपासच घोटाळतं. पाकिस्तानातला चीन-पाकिस्तान आर्थिक महामार्ग २०१५ मध्ये ४६ अब्ज डॉलरचा म्हणून गाजला, पुढे ६२ अब्जांचा झाला. प्रत्यक्षात उभी राहिलेली कामं त्याच्या निम्म्याहून कमी रकमेची आहेत.

त्यामुळे आकडा लिहिताना तो कुठल्या पायरीवरचा आहे ते शेजारी लिहा: घोषणा, सामंजस्य करार, बंधनकारक करार, की हातात पडलेला पैसा. या चार पायऱ्यांची बेरीज एकाच रकान्यात करणारा अहवाल बाजूला ठेवावा.

रकमेचा आणि जोखमीचा संबंध तसाही सैल असतो. अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठातली एडडेटा ही प्रयोगशाळा चिनी कर्जं आणि अनुदानं एकेक करून मोजते. २०२५ च्या तिच्या अहवालानुसार २००० ते २०२३ या काळात चिनी सरकारी कर्जपुरवठा आणि अनुदानं मिळून सुमारे २.२ लाख कोटी डॉलर झाली, आणि सर्वांत जास्त पैसा गेला तो अमेरिकेला, २०० अब्ज डॉलरहून अधिक. रकमेवरूनच ठरवायचं तर वॉशिंग्टन हे बीजिंगचं सर्वांत मोठं सावज ठरेल.

कागदावरचा देश पाहून थांबणे

पेटीएममध्ये चीनच्या अँट समूहाचा पैसा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भागधारकांच्या यादीत नाव होतं अँटफिन (नेदरलँड्स) होल्डिंग. अलिबाबाचा पैसा सिंगापूरमधल्या कंपनीतून आला. मग ‘चीनमधून भारतात फक्त अडीच अब्ज’ या आकड्याला किती अर्थ उरतो? चीनच्या बाजूनेही तेच. तिथल्या वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत परदेशी गुंतवणुकीचा निम्म्याहून मोठा भाग हाँगकाँगला गेलेला दिसतो, कारण पैसा पहिल्यांदा कुठे उतरला एवढंच त्यात नोंदलं जातं. पुढे तो कुठे गेला, आणि त्यातला किती फिरून चीनमध्येच परतला, हे त्या तक्त्यात नाही.

उलटी बाजू कोणी फारशी बोलत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा बोगद्यासाठी खणन यंत्रं मागवली ती जर्मनीच्या हेरेनक्नेख्टकडून. कागदोपत्री पुरवठादार जर्मन, म्हणजे चिंता मिटली. पण यंत्रं बनली त्या कंपनीच्या ग्वांगझूच्या कारखान्यात, आणि २०२५ मध्ये ती चिनी बंदरात अडकल्याच्या बातम्या आल्या. कागदावर डच असलेला मालक चिनी निघतो आणि कागदावर जर्मन असलेला माल बीजिंगच्या परवानगीवाचून हलत नाही. दोन्ही तपासा.

तपासायची रीत सोपी आहे, फक्त कंटाळवाणी. मालकीची साखळी शेवटच्या माणसापर्यंत किंवा शेवटच्या सरकारी संस्थेपर्यंत काढा. चिनी कंपनीचं इंग्रजी नाव गृहीत धरू नका, कारण एकाच कंपनीची इंग्रजीत तीन नावं फिरत असतात आणि तीन कंपन्यांचं एकच नाव असतं. प्रत्येक नोंदणीकृत चिनी संस्थेला १८ अंकाक्षरांचा एकीकृत ओळख क्रमांक असतो. तो मागा. तो द्यायला जी कंपनी टाळाटाळ करते, तिच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट कळलेलीच आहे.

टक्केवारीवर भिस्त ठेवणे

एप्रिल २०२० मध्ये बातमी आली की चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीतला वाटा १.०१ टक्क्यांवर गेला. गदारोळ झाला. १७ एप्रिलला सरकारने प्रेस नोट ३ काढून सीमेला लागून असलेल्या देशांतल्या थेट गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. गंमत अशी, की एचडीएफसीतली ती खरेदी शेअर बाजारातली होती आणि नवा नियम थेट गुंतवणुकीसाठी. ज्या व्यवहाराने घबराट उडाली त्याला तो लागूच नव्हता. शिवाय ‘लाभार्थी मालक’ म्हणजे किती टक्क्यांचा, हे त्या नोटेत लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे वकिलांची चांगली सोय झाली. नियम नको होता असं मला म्हणायचं नाही. पण एक टक्का निष्क्रिय वाटा बाळगणारी बँक एचडीएफसीचं काहीही थांबवू शकत नव्हती.

जर्मनीने याच्या उलट अनुभव घेतला. २०१८ मध्ये चीनची स्टेट ग्रिड ही कंपनी ५०हर्ट्‌झ या वीजवाहिनी कंपनीतला २० टक्के वाटा घ्यायला निघाली. कायद्यात तपासणीचा उंबरठा २५ टक्क्यांचा होता, म्हणजे अडवायला कायदेशीर हत्यार नव्हतं. शेवटी केएफडब्ल्यू या सरकारी बँकेकरवी तो वाटा सरकारला स्वतःच विकत घ्यावा लागला. त्याच वर्षअखेरीस महत्त्वाच्या पायाभूत क्षेत्रांसाठी उंबरठा १० टक्क्यांवर आणला गेला. पुढे हॅम्बर्गच्या टोलरॉर्ट टर्मिनलमध्ये कॉस्को या चिनी सरकारी जहाज कंपनीला ३५ टक्के हवे होते, मिळाले २४.९९. पंचविसाला कमी पडलेला तो ०.०१ टक्का राजकीय समाधानाचा.

टक्केवारीऐवजी अधिकारांची यादी करा. संचालक मंडळावर जागा आहे का? कुठल्या ठरावावर नकाराधिकार? तंत्रज्ञानाचा परवाना कोणाकडून? सुट्या भागांचा पुरवठादार एकच आहे का? यंत्राची दुरुस्ती दूरवरून इंटरनेटद्वारे होते का, आणि तो प्रवेश कोण बंद करू शकतो? ग्राहकांची माहिती कुठल्या सर्व्हरवर आहे? ग्राइंडर हे डेटिंग ॲप चिनी कंपनीने २०१६ ते २०१८ दरम्यान विकत घेतलं तेव्हा ते किरकोळ मनोरंजन वाटलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकी तपासणी समितीने विक्रीचा आदेश दिला, कारण सैनिक आणि सरकारी नोकर यांची अतिशय खासगी माहिती त्यात होती.

हंबनटोटाची गोष्ट पाठ म्हणणे

चीनवरच्या कुठल्याही चर्चेत पाचव्या मिनिटाला हंबनटोटा येतं: श्रीलंकेने कर्ज घेतलं, फेडता आलं नाही, चीनने बंदर घेतलं. गोष्ट छोटी, लक्षात राहणारी आणि चुकीची आहे.

बंदराचा विचार चीनच्या आधीपासूनचा. कॅनडाच्या आणि नंतर डेन्मार्कच्या कंपनीने व्यवहार्यता अहवाल केले होते. राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना आपल्या जिल्ह्यात बंदर हवं होतं, चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलर दिले, २०१० मध्ये उद्‌घाटन झालं आणि जहाजं फिरकली नाहीत. २०१७ मध्ये चायना मर्चंट्‌स पोर्ट या चिनी सरकारी कंपनीला ९९ वर्षांच्या करारावर बंदर दिलं गेलं, १.१२ अब्ज डॉलरला. यातून एक्झिम बँकेचं कर्ज माफ झालं नाही. ते श्रीलंका सरकारच्या डोक्यावर राहिलं. आलेले डॉलर गेले परकीय गंगाजळीत, कारण त्या वेळी सर्वांत जड हप्ते आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचे होते.

ही दुरुस्ती आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण ती माहीत झाली की माणसं दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे कर्जाचा सापळा ही नुसती दंतकथा, जोखीम नव्हतीच. इथे खरी चूक सुरू होते.

ऑगस्ट २०२२ आठवा. एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती. युआन वांग ५ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला येणार होतं. भारताने आक्षेप घेतला. कोलंबोने आधी चीनला ‘पुढे ढकला’ अशी विनंती केली, मग परवानगी दिली, आणि १६ ऑगस्टला जहाज लागलं. त्या घडीला श्रीलंकेला नाणेनिधीची मदत हवी होती, त्यासाठी मोठ्या धनकोंची हमी लागणार होती, आणि चीन त्यातला सर्वांत मोठा देश. एक्झिम बँकेची पुरेशी हमी यायला मार्च २०२३ उजाडला, तेव्हा कुठे नाणेनिधीने कर्ज मंजूर केलं. दबाव बंदराच्या भाडेकरारातून आला असं म्हणण्यापेक्षा धनको म्हणून मिळालेल्या खुर्चीतून आला असं म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून होईल. भाडेकरार फाडून टाकला असता तरी ती खुर्ची तिथेच राहिली असती.

आणखी मागे जा. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी श्रीलंकेत आली ती हंबनटोटाला नव्हे, कोलंबोला. तीही बंदर प्राधिकरणाच्या, लष्करी जहाजांसाठी असलेल्या धक्क्यावर न लागता चायना मर्चंट्‌सचा बहुसंख्य वाटा असलेल्या कंटेनर टर्मिनलवर लागली. हे टर्मिनल उत्तम चालतं, नफा कमावतं, आणि तिथे येणाऱ्या मालात भारताचा वाटा मोठा आहे. म्हणजे बुडालेला प्रकल्प धोक्याचा आणि यशस्वी प्रकल्प निर्धोक, हे समीकरणही टिकत नाही. ग्रीसचं पिरीयस बंदर घ्या. कॉस्कोच्या हाती गेल्यावर ते भरभराटीला आलं. २०१६ मध्ये कॉस्कोने बंदर प्राधिकरणातले ५१ टक्के घेतले आणि जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनच्या मानवाधिकार स्थितीवर टीका करणारं युरोपीय संघाचं निवेदन ग्रीसने अडवलं. एकामुळेच दुसरं घडलं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण असं काही घडू शकतं हे तुमच्या तक्त्यात बसतच नसेल, तर तक्ता अपुरा आहे.

युगांडाच्या एंटेबे विमानतळाबाबत २०२१ मध्ये हंबनटोटाचीच नक्कल उठली: चीन विमानतळ ताब्यात घेणार. कराराची प्रत नंतर उघड झाली. विमानतळ तारण नव्हताच. पण विमानतळाचं उत्पन्न आधी राखीव खात्यात जाईल आणि कर्जाच्या हप्त्याला त्यावर पहिला हक्क असेल, अशी व्यवस्था होती. मथळ्यात बसणारी गोष्ट मालमत्तेच्या जप्तीची असते. देशाला नडणारी गोष्ट रोकड कोणाच्या परवानगीने हलते ही असते.

‘हे तर साधंच आहे’ म्हणून वगळणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. संवेदनशील यादीत लढाऊ विमानं, अत्याधुनिक चिप, आण्विक तंत्रज्ञान. बाकीचं सगळं ‘साधं’.

नेक्सपेरिया ही नेदरलँड्समधली कंपनी डायोड आणि ट्रान्झिस्टर बनवते, काही पैशांना मिळणाऱ्या चिप. चीनच्या विंगटेककडे ती २०१९ मध्ये गेली, कोणी फारसं हळहळलं नाही. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस डच सरकारने १९५२ च्या एका आपत्कालीन कायद्याखाली कंपनीच्या निर्णयांवर नियंत्रण आणलं. चीनने लगेच तिच्या चिनी कारखान्यांतून होणारी निर्यात रोखली. वेफर, म्हणजे ज्यांतून चिप कापतात त्या चकत्या, हॅम्बर्गमध्ये तयार होत होत्या, पण त्यांतल्या बहुसंख्य वेष्टनबंद होऊन वापरायोग्य बनत होत्या ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगगुआनमध्ये. होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला, युरोपातले गाडी उत्पादक साठे मोजत बसले आणि १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला. कंपनीवर नियंत्रण आणण्याची तयारी झाली होती, पण वेष्टनाचा एक टप्पा कुठे होतो हे कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

याहून जुनं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. निओडिमियमचं शक्तिशाली चुंबक १९८० च्या दशकात शोधणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक जनरल मोटर्स. तिने इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच नावाचा विभाग उभारला आणि १९९५ मध्ये विकला. घेणाऱ्या गटात दोन चिनी कंपन्या होत्या. अमेरिकी सरकारने काही वर्षं कारखाना देशातच ठेवण्याच्या अटीवर मान्यता दिली. अटीची मुदत सरली, यंत्रं चीनला गेली, कारखाने बंद झाले. त्या वेळी चुंबक म्हणजे गाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या मोटरीचा एक भाग.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. चुंबक निर्मितीचा सुमारे नव्वद टक्के भाग तोवर चीनमध्ये एकवटला होता. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जगभरचे वाहन उद्योग परवान्यांची वाट पाहत होते, आणि पुण्यात ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं असा इशारा राजीव बजाज यांनी दिला. बजाजमध्ये कोणा चिनी कंपनीची गुंतवणूक नव्हती. तपासणी समिती बसवून अडवावा असा कुठला व्यवहारही समोर नव्हता. नाडी तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच कंपनीने विकलेली होती.

विकणाऱ्याकडे न पाहणे

काँगोमधल्या टेंके फुंगुरुमे या तांबं आणि कोबाल्टच्या खाणीतला आपला बहुसंख्य वाटा २०१६ मध्ये अमेरिकेच्या फ्रीपोर्ट-मॅकमोरानने चायना मॉलिब्डेनमला २.६५ अब्ज डॉलरला विकला. चर्चा झाली ती चीनच्या दूरदृष्टीची. फ्रीपोर्ट त्या वेळी तेलाच्या धंद्यात हात पोळल्यामुळे कर्जात होती आणि जे विकलं जाईल ते विकत होती, हे कमी बोललं गेलं. अनेक मोठ्या चिनी खरेद्यांपलीकडे एक अडलेला विक्रेता असतो. त्याला दुसरं गिऱ्हाईक का मिळालं नाही, हा प्रश्न अहवालात एक पान तरी व्यापायला हवा.

खासगी म्हणजे स्वतंत्र समजणे, किंवा खासगी-सरकारी सगळं एकच समजणे

मार्च २०२५ मध्ये हाँगकाँगच्या सीके हचिसनने पनामा कालव्याच्या दोन टोकांवरच्या बंदरांसह आपली बरीचशी बंदरं ब्लॅकरॉकच्या गटाला विकायचं ठरवलं. कंपनी खासगी, उद्योगपती ली का-शिंग यांच्या कुटुंबाच्या नियंत्रणातली. तरी बीजिंगच्या बाजार नियामकाने चौकशी जाहीर केली आणि व्यवहार रखडला. खासगी मालकाला विकण्याचंही स्वातंत्र्य किती, ते त्यात दिसलं. पण म्हणून सगळ्या चिनी कंपन्या कम्युनिस्ट पक्षाच्या एकाच दोरीवर नाचतात असंही नाही. त्या आपापसांत भांडतात, एकमेकींच्या निविदा पाडतात, प्रांतिक सरकारांना खेळवतात. कुठली कंपनी, कुठल्या प्रांताची, कोणाच्या कर्जावर, एवढं तरी लिहा.

संशोधनात माणसाचं नाव पाहणे

चीनसाठी होणारी हेरगिरी आणि तंत्रज्ञानाची चोरी पकडायला अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ ही मोहीम सुरू केली. एमआयटीतले यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली, वर्षभराने सरकारनेच सगळे आरोप मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीमही गुंडाळली. मधल्या काळात चिनी वंशाच्या किती शास्त्रज्ञांनी अमेरिका सोडून चीन गाठायचा विचार केला असेल, याची कल्पना करा.

आपल्याकडे २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने सात कन्फ्यूशियस संस्था आणि ५४ सामंजस्य करारांचा फेरआढावा जाहीर केला. मुंबई विद्यापीठातलं केंद्रही त्या यादीत होतं. भाषेचा वर्ग हा प्रचाराचा धोका असू शकतो, पण चिनी वाचता येणाऱ्या माणसांचा दुष्काळ हा मूल्यमापनाचाच धोका आहे, आणि भारतात तो वर्षानुवर्षं आहे. चीनवरचे आपले बहुतेक अहवाल अमेरिकी अहवालांवरून लिहिले जातात.

पाहायचं ते वेगळं. समोरची संस्था कुठल्या मंत्रालयाखाली आहे? चीनमधली सात विद्यापीठं, त्यात हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेइहांग आणि नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल येतात, संरक्षण संशोधनाशी इतकी जोडलेली आहेत की त्यांना ‘राष्ट्रीय संरक्षणाचे सात पुत्र’ म्हणतात. तिथल्या प्राध्यापकाशी पाण्याखालच्या ध्वनिशास्त्रावर काम करणं आणि शेतकी विद्यापीठातल्या माणसाशी गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणं यांना एकच फॉर्म लावू नये. मग देवाणघेवाणीचा प्रश्न: विदा (डेटा) दोन्ही बाजूंना जाते का? चीनच्या २०१९ च्या नियमांनी तिथल्या मानवी जनुकीय नमुन्यांवर आणि माहितीवर कडक बंधनं आहेत. तुमच्या रुग्णालयातले नमुने तिकडे जाणार आणि तिकडचे इकडे येणार नसतील, तर ते सहकार्य नाही.

तंत्रज्ञान एकाच दिशेने वाहतं असं धरणे

बहुतेक तपासणी कायदे चीन तंत्रज्ञान घेऊन जाईल या भीतीने लिहिले गेले. २०१६ मध्ये मिडिया या चिनी कंपनीने जर्मनीची कुका ही रोबो कंपनी घेतली, तिथून युरोप सावध झाला. ती भीती आजही खरी आहे. पण बॅटरी, सौरपट्ट्या आणि चुंबकं यांत तंत्रज्ञान आता तिकडे आहे आणि जोखीम ते न मिळण्याची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबक बनवण्याच्या तंत्राची निर्यात बंद केली, जुलै २०२५ मध्ये बॅटरीच्या धनाग्र साहित्याच्या तंत्रावर निर्बंध आणले. त्याच सुमारास फॉक्सकॉनच्या भारतातल्या आयफोन कारखान्यांतून शेकडो चिनी अभियंते माघारी बोलावले गेल्याच्या बातम्या आल्या. चिनी भागीदाराबरोबर बॅटरीचा कारखाना टाकणाऱ्याने ‘ते आमचं काय नेतील’ यापेक्षा ‘ते काय आणायला विसरतील’ हे विचारावं. प्रशिक्षण, आराखडे, सुट्या भागांचे आराखडे आणि अभियंते निघून गेल्यावर चालवता येण्याची कसोटी, हे करारात हवं.

नकाराची किंमत न मांडणे

तळेगावला दोन वर्षं ना हो झालं ना नाही. जनरल मोटर्सने उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद केलं, हजाराहून अधिक कामगारांचा लढा कोर्टात गेला. तिकडे हालोलच्या एमजीला भांडवल आणायला परवानगी मिळेना, तेव्हा २०२३ मध्ये सज्जन जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यूने ३५ टक्के घेतले आणि सैकचा वाटा निम्म्याखाली आला. हा मधला मार्ग तळेगावला तपासला गेल्याचं दिसलं नाही. अटींसह मान्यता, भारतीय भागीदार, डेटा देशात, ठरावीक मुदतीत स्थानिक पुरवठादार, असे पर्याय समोर मांडून मगच नकार द्यावा. आणि नकार दिला तर तोही तारखेसह द्यावा.

मूल्यमापन अडतं तेव्हा

सगळंच लाल येतंय? मग तुम्ही ‘चिनी असणं’ चारदा मोजलंत. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं कलम ७ सर्व चिनी संस्थांना सहकार्याला बांधतं. ते प्रत्येक प्रस्तावाला सारखंच लागू असल्याने दोन प्रस्तावांत फरक करायला निरुपयोगी आहे. गृहीतकात लिहा, गुण देऊ नका.

सगळंच हिरवं येतंय? शांततेचा दिवस धरलात. तोच तक्ता १६ जून २०२० ही तारीख धरून पुन्हा भरा.

करार गोपनीय आहे? एका बाजूने बंद असतो, बहुधा चारही बाजूंनी नाही. कर्जदार देशाच्या महालेखापालांचे अहवाल, संसदेतली उत्तरं, न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रं, आणि खरेदीदार हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेला असेल तर त्याने तिथे दिलेली माहिती पाहा. हंबनटोटाच्या व्यवहाराचा बराच तपशील याच वाटेने मिळतो.

चिनी स्रोत उघडत नाहीत? एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या शोधनिबंधांच्या भांडारातले काही विभाग परदेशी ग्राहकांना बंद झाले. जे आज दिसतंय त्याची प्रत आजच जतन करा.

वरिष्ठांना एकच आकडा हवाय? शंभरपैकी गुण देऊ नका. सुरुवातीच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचं उत्तर महिन्यांत द्या: पर्यायी पुरवठादार उभा राहायला इतके महिने, आपल्याकडचा साठा इतके महिने. दोन आकड्यांतलं अंतर कोणालाही समजतं.

आणि जुनी फाइल पुन्हा उघडायची का, असा प्रश्न आला तर ऑस्ट्रेलियाचं डार्विन बंदर पाहा. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने २०१५ मध्ये लँडब्रिज या चिनी खासगी कंपनीला ते ९९ वर्षांसाठी ५०.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला दिलं. त्याच शहरात अमेरिकी मरीन फिरत्या तुकड्यांनी राहतात. प्रांतिक मालमत्तेच्या अशा व्यवहाराला केंद्राची औपचारिक तपासणी तेव्हा लागत नव्हती. पुढच्याच वर्षी तो नियम बदलला. २०२३ च्या फेरआढाव्यात केंद्र सरकारने करार रद्द करण्याची गरज नाही असं ठरवलं, २०२५ मध्ये पंतप्रधान अल्बानीज यांनी बंदर परत घेण्याचं आश्वासन दिलं. भाडेपट्टा २११४ पर्यंतचा. तेव्हा फाइल बंद करताना ती कधी उघडायची याच्या अटी पहिल्याच पानावर लिहा: मालकी बदलली, चीनच्या निर्यात परवान्यांच्या यादीत भर पडली, आपला दुसरा पुरवठादार बंद झाला, शेजारी लष्करी तळ आला. यांतलं काहीही घडलं तर तक्ता पुन्हा पहिल्या रकान्यापासून भरायचा, आणि तो कोणी भरायचा त्याचं पदनामही तिथेच लिहायचं.